पावती मागा, जमाखर्चही मागा



मार्चअखेर जवळ आली की वसुली पथके गल्लीबोळांत फिरू लागतात. थकबाकीदारांच्या याद्या निघतात, नळजोडणी तोडण्याचे इशारे येतात, रिक्षावरच्या भोंग्यातून घरपट्टी-पाणीपट्टीची आठवण करून दिली जाते. अंदरसूल, नगरसूल, पाटोदा, राजापूर अशा आपल्या येवला तालुक्यातल्या गावांत ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांचीही हीच धावपळ असते. या दिवसांत घरोघरी एकच बोलणे चालते: किती भरायचे आणि कधी भरायचे. त्याच्या आधीचा एक प्रश्न आणि त्याच्या नंतरचा एक प्रश्न मात्र आपण विचारतच नाही. हा पैसा माझ्याकडे मागण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? आणि मी भरलेला पैसा कशावर, कोणाच्या मंजुरीने खर्च झाला? हे दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, एवढे सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

कर भरू नका, असे मी म्हणत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कायद्याने बसलेला कर वेळेवर भरलाच पाहिजे. नगरपरिषदेच्या थकीत घरपट्टीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बिल चुकीचे आहे म्हणून रागाने फळीवर टाकून दिले, तर नुकसान टाकणाऱ्याचेच होते. भांडायचे तर मुदतीत भांडा, आणि कागदावर भांडा.

आता कायद्याचे पाहू. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ एका ओळीचा आहे. कायद्याचा अधिकार असल्याखेरीज कोणताही कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही, एवढेच तो सांगतो. यातल्या दोन्ही क्रियापदांना वजन आहे. कर बसवणारा कायदा वैध असूनही वसुलीची रीत कायद्याबाहेरची असेल, तर ती वसुली टिकत नाही. मंत्रालयातला शासन निर्णय, खात्याचे परिपत्रक, सभेतला ठराव, साहेबांचा तोंडी हुकूम यांपैकी कशातही स्वतःच्या बळावर कर बसवण्याची ताकद नाही. त्याच्या मागे संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा उभा असावा लागतो. येवला नगरपरिषद घरपट्टी घेते ती नगरपरिषदांच्या १९६५च्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात. ग्रामपंचायत घेते ती १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १२४ खाली. या अधिकाराच्या पलीकडे जाऊन मागितलेला एक रुपयाही बेकायदा ठरतो.

पुढचाच अनुच्छेद, २६६, खर्चाची बाजू बांधतो. राज्याचा महसूल एकत्रित निधीत जमा होतो, आणि त्यातून पैसा काढायचा तर विधिमंडळाने विनियोजनाचा कायदा मंजूर करावा लागतो. म्हणजे तिजोरीला दोन दारे आहेत. एकातून पैसा आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो, आणि दोन्ही दारांवर पहारा कायद्याचाच आहे. आपण नागरिक पहिल्या दाराशी गर्दी करतो, कारण तिथे आपला खिसा असतो. दुसऱ्या दाराकडे कोणी फिरकत नाही. माझी खरी तळमळ त्या दुसऱ्या दाराची आहे.

येवल्यात राहणाऱ्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच धर्मांतराची घोषणा केली. दरवर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर हजारो लोक येतात. त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल, की बाबासाहेबांचा अभ्यासाचा विषय सरकारी पैसा हाच होता? ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचे उत्पन्न आणि खर्च यांवरचा त्यांचा कोलंबिया विद्यापीठासाठीचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९२७मध्ये मुंबई कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. प्राप्तिकर देणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी मिळते, पण शेतकऱ्याची जमीन कितीही थोडी असो, पीक येवो की बुडो, सारा चुकत नाही. हा कुठला न्याय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

या सवालाशी जुळणारा निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयातून आला. केरळमध्ये एकरी सरसकट दोन रुपये जमीनकर लावला होता. जमिनीतून उत्पन्न निघते की नाही, याचा विचारच नव्हता. १९६१च्या कुन्नाथाट थाथुन्नी मूपिल नायर खटल्यात न्यायालयाने हा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केला. कर कायद्याने बसवला एवढ्याने भागत नाही, तो असमानांना एका दावणीला बांधणारा नसावा, ही मर्यादा त्या निकालाने पक्की झाली.

घटना समितीत १९४९ साली बोलताना बाबासाहेबांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक या अधिकाऱ्याला घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. पंतप्रधान नव्हे, सरन्यायाधीश नव्हे, हिशेब तपासणारा. सरकारचा पैसा कुठे जातो हे पाहणारा माणूस स्वतंत्र नसेल, तर बाकीचे हक्क कागदावरच राहतील, हे त्यांनी ओळखले होते.

आता तुमच्या हातातल्या बिलाकडे येऊ. नगरपरिषदेचे बिल आपण तळाची बेरीज पाहून घडी घालतो. तसे करू नका, एकेक ओळ वाचा. त्यात घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, वृक्ष कर, अग्निशमन कर असे काही असते. शिवाय राज्य शिक्षण कर असतो, आणि दुकान किंवा कारखान्यासारखी बिगरनिवासी मिळकत असेल तर रोजगार हमी उपकर असतो. हे शेवटचे दोन १९६२च्या राज्य कायद्याखालचे आहेत. नगरपरिषद ते फक्त गोळा करते, पैसा राज्याकडे जातो. त्यामुळे बिल वाढले म्हणून नगरसेवकाला बोल लावण्याआधी वाढ कोणत्या ओळीत झाली ते पाहा. प्रश्न योग्य माणसाला विचारला तरच उत्तर मिळते.

नवी आकारणी होते तेव्हा तिची यादी जाहीर करावी लागते, हरकतींसाठी मुदत द्यावी लागते आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हे कायद्यातच आहे. पण ती नोटीस लागते तेव्हा आपण वाचत नाही, आणि वाढीव बिल आल्यावर मुख्याधिकाऱ्यांच्या दालनासमोर घोषणा देतो. तोवर मुदत संपलेली असते. ज्या विणकराच्या घरातच माग आहे, त्याने तर आकारणीच्या यादीत वापराच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आवर्जून पाहावे. निवासी आणि बिगरनिवासी या एका शब्दाने दर बदलतो.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची कहाणी तर प्रत्येक गावाने समजून घ्यावी अशी आहे. पूर्वी ती घराच्या क्षेत्रफळावर लागत असे. या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, आणि अखेर ३१ डिसेंबर २०१५ रोजी शासनाने कर व फी नियम बदलून भांडवली मूल्यावर आकारणी आणली. आता जमिनीचा वार्षिक बाजारमूल्य दर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक यांवरून भांडवली मूल्य काढले जाते. म्हणजे चूक शिरायला चार-पाच जागा आहेत. तुमचे घर मातीचे असून आरसीसी लिहिले आहे का? बांधकामाचे वर्ष बरोबर आहे का? पडवी मोजताना दोनदा धरली आहे का? हे सगळे नमुना ८ या आकारणी नोंदवहीत दिसते. मागणी नमुना ९मध्ये असते, आणि भरल्याची पावती नमुना १०मध्ये मिळते. नमुना ८चा उतारा आपण कर्जाच्या कामाला मागतो. एकदा तो नुसता वाचायला मागा. आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करता येते.

मुंबईतल्या मिळकतदारांनी असे कागद वाचून मोठी लढाई जिंकली. महापालिकेच्या भांडवली मूल्याच्या नियमांत जमिनीवर पुढे कधीतरी किती बांधकाम होऊ शकेल, तेही धरून कर लावला जात होता. उच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये तो निकाल कायम ठेवला. कर आज जे आहे त्यावर लागतो, उद्या होईल त्यावर नाही. हे तत्त्व येवल्याच्या चार गुंठ्यांनाही तितकेच लागू आहे.

खटला जिंकला की सगळे संपले, असे मात्र समजू नका. भडोच नगरपालिकेने असाच भांडवली मूल्यावर लावलेला कर जुन्या कायद्यात बसत नव्हता, म्हणून अडचणीत आला. गुजरात विधानसभेने मागील तारखेपासून तो वैध करणारा कायदा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये पृथ्वी कॉटन मिल्सच्या खटल्यात तो उचलून धरला. विधिमंडळ कायद्यातला दोष दुरुस्त करून कर वाचवू शकते. तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या चढताना आमदाराचे दारही ठोठावत राहावे लागते.

कर आणि फी यांतला फरकही समजून घ्या, कारण बाजारात रोजचा संबंध फीशी येतो. कराच्या बदल्यात तुम्हाला अमुक सेवा मिळालीच पाहिजे, असे बंधन नसते. फी मात्र सेवेसाठी असते, आणि तिचा सेवेच्या खर्चाशी काही मेळ असावा लागतो. हा भेद स्पष्ट करणाऱ्या १९५४च्या निकालांपैकी एक आपल्याच राज्यातला आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी कर आहे की फी, हा रतिलाल गांधी खटल्यातला एक प्रश्न होता. न्यायालयाने ती फी ठरवली. फी ठरली म्हणूनच पुढे हिशेब विचारता आला. धर्मादाय खात्याकडे या वर्गणीची मोठी शिल्लक साचल्याचे समोर आले, तेव्हा २००९मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन वसुली थांबवली. गावोगावच्या देवस्थानांच्या विश्वस्तांना हा आदेश चांगला आठवत असेल.

म्हणून आठवडे बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींना माझे सांगणे आहे: जागेचे पैसे द्या, पण छापील पावती घेऊनच द्या. दर नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत ठरवते, वसुलीचा ठेका घेतलेला माणूस नाही. दरांचा फलक कुठे आहे, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. पावती न देता घेतलेला पैसा नगरपरिषदेच्या वहीत जातो याला पुरावा काय? तसेच एखाद्या दाखल्यासाठी किंवा प्रवेशासाठी ‘स्वेच्छा देणगी’ मागितली गेली, तर ती स्वेच्छा आहे हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. सक्तीने घ्यायचे तर कायदा दाखवावा लागतो, आणि देणगीची सक्ती करणारा कायदा नाही. कृषी उत्पन्न बाजार समितीतली बाजार फी कायद्याप्रमाणे खरेदीदाराकडून घ्यायची असते. कांद्याबटाट्याची, फळभाज्यांची आडतही जुलै २०१६पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर आली. काटापट्टीवर कपातीच्या रकान्यात काय काय आहे, ते घरी येण्याआधी बाजारातच वाचा.

कांद्याचे बोलायलाच हवे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद पडल्या. डिसेंबरमध्ये तर निर्यातबंदीच आली. ती मे २०२४मध्ये उठली, पण शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४मध्ये ते वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५पासून शून्य झाले. दीड वर्षाहून अधिक काळ आपल्या तालुक्याने हा कर सोसला. कागदावर तो निर्यातदार भरत होता, पण लिलावात बोली खाली आली ती शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसमोर. कर कोणाच्या नावावर आहे आणि भार कोणाच्या अंगावर पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तेव्हा अनेकांनी विचारले होते, की एका रात्रीत असा कर बसतोच कसा? अनुच्छेद २६५ कुठे गेला? उत्तर कडू आहे. १९७५च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या कलम ८ने हा अधिकार संसदेनेच सरकारला देऊन ठेवला आहे. सरकार अधिसूचना काढून निर्यात शुल्क लावू किंवा वाढवू शकते, मात्र नंतर ती संसदेसमोर मंजुरीसाठी ठेवावी लागते. म्हणजे कायद्याने तिथे एक खिडकी ठेवली आहे. ती आपल्या खासदारासाठी आहे. अधिसूचना सभागृहात येते तेव्हा तुमचा खासदार उठून काय बोलला, मतदान कुणीकडे केले, हे तुम्ही त्याला कधी विचारले का? रास्ता रोको करताना आपण चांदवड-लासलगावच्या रस्त्यावर बसतो, आणि जिथे ठराव संमत व्हायचा तिथे आपला आवाज नसतो. शुल्क पुन्हा लागेल तेव्हा, आणि ते लागू शकते, पहिले निवेदन खासदाराच्या हातात पडले पाहिजे आणि त्यात मागणी एकच असावी: कलम ८ खालची अधिसूचना सभागृहात येताच शेतकऱ्याच्या बाजूने बोला आणि विरोधात मत द्या.

कर फक्त त्रासदायकच असतो, असे मानणाऱ्यांतला मी नाही. महाराष्ट्राने एका कराने फार मोठे काम केले आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे आपल्या भागाने पाहिली आहेत. वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. तिला पैसा कुठून आला? १९७५मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला, आणि शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम मिळू लागले. करातून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे बंधनही होते. हेतू सांगून कर घेतला आणि तो हेतू कायद्यात लिहून ठेवला, म्हणून लोकांनी कुरकूर न करता तो दिला.

त्याच करात घटनेची मर्यादाही तुम्हाला दरवर्षी दिसते. पगारपत्रकात अकरा महिने दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. कारण अनुच्छेद २७६ म्हणतो की व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला अडीच हजारांच्या वर घेता येणार नाही. पूर्वी ही मर्यादा अडीचशे होती, १९८८मध्ये घटनादुरुस्तीने ती वाढवली. मुख्यमंत्र्यांच्या मनात कितीही आले, तरी अडीच हजार एक रुपया ते घेऊ शकत नाहीत. दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना १ एप्रिल २०२३पासून हा करच नाही. कापला जात असेल तर आस्थापना विभागाला आजच विचारा.

आता तिजोरीच्या दुसऱ्या दाराकडे. कर घेण्यावर घटनेने जितकी घट्ट दोरी बांधली आहे, तितकी खर्चावर नाही. ऑगस्ट २०२४मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. अंदाजपत्रकात तरतूद करणे हे विधिमंडळाचे काम आहे, धोरण कोणते असावे हे न्यायालय ठरवणार नाही, असा त्याचा गाभा होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दीड हजार रुपये घेणाऱ्या बहिणीला कोणी हिणवू नये. सभागृहाने मंजूर केलेला तो तिचा हक्क आहे. पण न्यायालय जिथे थांबते तिथे मतदाराने उभे राहायचे असते. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात या योजनेला छत्तीस हजार कोटी ठेवले गेले, आणि राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज त्याच अंदाजपत्रकात आहे. हा पैसा कुठल्या खात्यातून येणार, कुठले काम मागे पडणार, हा प्रश्न विचारणे म्हणजे योजनेला विरोध करणे नव्हे.

तो विचारला नाही की काय होते, ते मे २०२५मध्ये दिसले. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांच्या तरतुदीतून सातशे कोटींहून अधिक रक्कम या योजनेसाठी वळवली गेली, आणि सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. वसतिगृहांना, शिष्यवृत्त्यांना, वस्त्यांतल्या रस्त्यांना लागणारा पैसा ज्या खात्यात असतो, ते हे खाते. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३मध्ये, तेलंगणाने २०१७मध्ये कायदे केले, की अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवलेला निधी त्यांच्यासाठीच खर्च व्हावा. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात असा कायदा नाही. इथे हा निधी मंत्रिमंडळाच्या मर्जीवर राहतो.

म्हणून येवलेकरांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. १३ ऑक्टोबरला सगळ्या पक्षांचे पुढारी मुक्तिभूमीवर अभिवादनाला येतात. त्यांचे स्वागत करा, हार घाला, आणि त्याच वेळी लेखी निवेदन द्या: हा निधी दुसरीकडे वळवण्यास मनाई करणारा कायदा विधिमंडळात कधी आणणार? ज्या बाबासाहेबांनी सरकारी पैशाचा अभ्यास केला, त्यांच्या भूमीवर हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

गावपातळीवर तर खर्चाचे नियम ठरलेलेच आहेत, आपण फक्त वाचत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दिलेल्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता, चाळीस टक्के मोकळा. कोणत्या कामाला किती गेले, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून पाहता येते. तुमच्या गावातल्या दिव्यांग भावाला त्याच्या पाच टक्क्यांतून मागच्या वर्षी काय मिळाले? एवढे एकच तपासून पाहा.

शहराचे दुखणे आणखी वेगळे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत २०२२च्या सुमारापासून निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाच्या सहीने अंदाजपत्रके मंजूर झाली. कर तर चालूच होता, पण तो मंजूर करणारे आणि खर्चावर प्रश्न विचारणारे लोकप्रतिनिधी नव्हते. डिसेंबर २०२५मध्ये अखेर निवडणुका झाल्या. आता नगरसेवक आहेत, तेव्हा त्यांच्याकडून काम करून घ्या. प्रशासकाच्या काळातल्या लेखापरीक्षणाचे अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला सांगा. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग दर आक्षेपाला क्रमांक देतो आणि प्रशासनाने त्याला उत्तर द्यायचे असते. किती आक्षेपांना उत्तर दिले, किती तसेच पडून आहेत, हे विचारणारा एक नगरसेवक असला तरी पुरे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला, तेव्हा बाकी सगळे सभासद बाजूने असताना ते एकटे विरोधात उभे राहिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव संमत झालाच, पण त्यांचा विरोध इतिहासात राहिला. आपल्या प्रभागातून असा सभासद गेला आहे का, हे पुढच्या सभेच्या इतिवृत्तावरून कळेल.

काम कसे सुरू करायचे, तेही सांगतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला वकील लागत नाही. दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणाने अर्ज परत येतो. ‘सर्व खर्चाची माहिती द्या’ असे लिहू नका. कामाचे नाव, प्रभाग आणि आर्थिक वर्ष लिहा, आणि अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका व देयक यांच्या प्रती मागा. नक्कल पानाला दोन रुपये. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा.

गावात असाल तर अर्जाचीही गरज नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. पुढच्या सभेला शेजारच्या दोन-चार घरांतली माणसे सोबत घेऊन जा, बायकांनी तर जावेच. नमुना ८ आणि वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा. उत्तर ‘नंतर बघू’ असे आले, तर तेच शब्द तुमच्या नावासह आणि प्रश्नासह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन घरी या.